कोट्यवधींचं आमिष दाखवणारे ईमेल डिलीट करूनही का थांबत नाहीत, आणि ते आटोक्यात कसे आणायचे

तक्रार साधारण अशी असते. सकाळी मेल उघडला की कुणा परदेशी बँक अधिकाऱ्याचं, कुणा आजारी विधवेचं, कुणा लष्करी अधिकाऱ्याचं पत्र येऊन पडलेलं असतं. तुमच्या नावावर अमुक लाख डॉलर निघाले आहेत, पूर्ण नाव, पत्ता आणि खाते क्रमांक कळवा. तुम्ही डिलीट करता, ब्लॉक करता. दुसऱ्या दिवशी वेगळ्या नावाने तेच पत्र हजर.

माझे मामा कराडला असतात, एसटीतून निवृत्त झालेत. त्यांच्या मेलबॉक्समध्ये असे दिवसाला पंधरा-वीस मेल यायचे. दिवाळीत त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "बघ गं जरा, कमी व्हायचं सोडून वाढतच चाललंय." दोन दुपारी बसून आम्ही तो मेलबॉक्स ताळ्यावर आणला. जे केलं ते इथे लिहिते आहे, कारण अशीच अवस्था अनेक घरांत असणार, आणि नुसतं "दुर्लक्ष करा" म्हटल्याने ती सुटत नाही.

आधी सेंट फोल्डर उघडा

इनबॉक्स नंतर पाहू. पहिला प्रश्न हा की यांतल्या कुणाला उत्तर गेलंय का. मी विचारलं तर मामा म्हणाले, "गेलंय की. नको म्हणून कळवलंय सगळ्यांना."

सेंट फोल्डरमध्ये अशी अकरा उत्तरं सापडली. इंग्रजीत, नीट मायन्यासकट: आपलं पत्र मिळालं, मला या रकमेत रस नाही, कृपया पुन्हा पत्र पाठवू नये, कळावे. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचंच, ही त्यांची आयुष्यभराची रीत. त्यात त्यांची चूक काढायला माझं मन धजलं नाही. पण मेल वाढण्याचं कारण तिथेच होतं.

हे पत्र पाठवणारा एकाच वेळी लाखो पत्त्यांवर पाठवतो. त्यातले असंख्य पत्ते मेलेले असतात: कुणी सोडून दिलेले, कुणी कधी उघडतच नाही असे. त्याला पैशाच्या आधी एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे या पत्त्यामागे एक माणूस बसलाय, तो मेल उघडतो, वाचतो आणि उत्तर देतो ही खात्री. "नको" म्हटल्याने ही खात्री होते. शिवी दिल्यानेही होते. "पोलिसांत देईन" म्हटल्यानेही होते. असे चालू पत्ते मग याच्याकडून त्याच्याकडे जातात, आणि एका पत्राची पंधरा होतात.

ही पत्रं इतकी ढोबळ का असतात, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. व्याकरण गचाळ, गोष्ट अशक्य, आणि वर नायजेरियाचं नाव उघडपणे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या कॉर्मक हर्ली यांनी 2012 साली नेमक्या याच प्रश्नावर निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा: पत्र पाठवायला जवळजवळ काही खर्च येत नाही, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी पुढे आठवडेच्या आठवडे बोलत बसावं लागतं. शहाणा माणूस उत्तर देऊन, थोडं बोलून, ऐन पैशाच्या वेळी मागे फिरला तर भामट्याची मेहनत वाया जाते. म्हणून पत्रच असं लिहायचं की शंका घेणारे पहिल्याच ओळीत गळून पडावेत. ही धान्य चाळायची चाळण आहे. जो उत्तर देतो, तो चाळणीत राहिला. नम्रपणे नकार देणारे मामासुद्धा त्या चाळणीत राहिले होते.

म्हणून पहिला उपाय: उत्तर बंद. एकाही शब्दाचं नाही. मामांना मी एवढंच म्हणाले की याला पत्र समजू नका, दारावर कुणी आहे का ते पाहायला मारलेला खडा समजा. ते त्यांना लगेच पटलं.

न उत्तर देताही कळतं, म्हणून हे बंद करा

मेलच्या तळाशी "अनसबस्क्राइब" असं लिहिलेलं असतं. तुम्ही स्वतः जिथे कधी नाव नोंदवलं होतं अशा दुकानाच्या, मासिकाच्या मेलला ते दाबायला हरकत नाही. लॉटरी आणि वारशाच्या मेलमध्ये मात्र ते दाबणं म्हणजे उत्तर देणंच.

दुसरी वाट चित्रांची. मेलमध्ये डोळ्यांना दिसणार नाही असा एक ठिपका चित्र म्हणून घातलेला असतो. मेल उघडल्यावर ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं, आणि मेल उघडल्याची नोंद तिकडे होते. जीमेलमध्ये सेटिंग्ज, मग जनरल, मग इमेजेस इथे जाऊन "बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा" हा पर्याय निवडा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्यानंतर खरे मेल थोडे रिकामे दिसतील. पाहायचेच असतील तेव्हा वरची ओळ दाबून चित्रं आणता येतात.

गूगल कॅलेंडरमध्येही असली आमंत्रणं परस्पर येऊन बसतात. तिथे आमंत्रण पाठवणारा ओळखीचा असेल तरच ते कॅलेंडरमध्ये घालावं, अशी सेटिंग आहे. ती निवडा.

ब्लॉक करून फरक का पडत नाही

ब्लॉक केल्याने फक्त तो एक पत्ता अडतो. पाठवणाऱ्याकडे फुकटच्या खात्यांना तोटा नसतो. शिवाय ईमेलमधला प्रेषकाचा पत्ता हा लिफाफ्याच्या मागे लिहिलेल्या नावासारखा असतो, लिहिणारा काहीही लिहू शकतो. म्हणून ब्लॉक करण्यापेक्षा "रिपोर्ट स्पॅम" दाबा. त्यामुळे त्या पत्त्यासोबत मजकुराची धाटणीही जीमेलच्या स्पॅम ओळखणाऱ्या गाळणीला शिकवली जाते. मामा वर्षभर नुसते डिलीट करत होते, आणि डिलीट केल्याने गाळणी काहीच शिकत नाही.

आता एक खुलासा, कारण इथे जाणकार माणसंही फसतात. संगणकावर मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून "शो ओरिजिनल" पाहिलं की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतात आणि पुढे "पास" किंवा "फेल" लिहिलेलं असतं. मेल खरोखर त्याच डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या ॲट चिन्हानंतरच्या नावावरून, निघालाय का, एवढंच ती तपासणी सांगते. रिझर्व्ह बँकेचं नाव लावलेल्या मेलपुढे "फेल" दिसलं तर प्रश्न मिटला. पण भामट्याने स्वतःच्याच फुकटच्या खात्यावरून पत्र पाठवलं असेल तर तिन्ही ठिकाणी "पास" येतं, कारण खातं खरंच त्याचं आहे. एखाद्या कंपनीचं किंवा विद्यापीठाचं खातं हॅक करून पाठवलं तरी "पास" येतं. तेव्हा फेल म्हणजे खोटं हे बहुतेक वेळा धरून चालता येईल, पण पास म्हणजे खरं असं कधीच धरू नका. त्याऐवजी "रिप्लाय टू" ची ओळ बघा. पत्र एका पत्त्यावरून आणि उत्तर भलत्याच पत्त्यावर मागितलेलं असेल, तर पुढे वाचायची गरज नाही.

फिल्टर लावताना एक धोका

या पत्रांचे काही ठरलेले इंग्रजी शब्द असतात: नेक्स्ट ऑफ किन, अनक्लेम्ड फंड, कन्साइनमेंट बॉक्स, कॉम्पेन्सेशन फंड, ॲटर्नी टू द लेट. जीमेलच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबून "हॅज द वर्ड्स" या रकान्यात हे वाक्प्रचार इंग्रजी स्पेलिंगने, प्रत्येक अवतरणचिन्हांत, आणि दोघांच्या मध्ये कॅपिटल अक्षरांत "ऑर" असे भरायचे. मग "क्रिएट फिल्टर".

इथे मी पहिल्या दिवशी एक चूक केली ती सांगते. मी "बेनिफिशियरी" हा सुटा शब्द घातला आणि थेट डिलीट करा असं सांगितलं. संध्याकाळी लक्षात आलं की बँकेत कुणी नवा बेनिफिशियरी जोडला की बँकेचा इशारा देणारा मेलही याच शब्दाने येतो. तुमच्या खात्यात भलत्याने शिरून नवं नाव जोडलं, तर ते कळवणारा मेलच माझ्या फिल्टरने कचऱ्यात टाकला असता. तेव्हा सुटे शब्द घालू नका, दोन-तीन शब्दांचे वाक्प्रचार घाला. आणि सुरुवातीला डिलीट निवडू नका. "स्किप द इनबॉक्स" निवडून "तपासायचे" असं लेबल लावा. पंधरा दिवस त्या लेबलात काय पडतं ते बघा, कामाचं काहीच अडकत नाही अशी खात्री झाली की मग डिलीट करायला सांगा.

"पण हे सगळे स्पॅममध्येच होते"

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. मामांचे निम्म्याहून जास्त मेल मुळात स्पॅममध्येच पडत होते. गाळणी तिचं काम करत होती, पण मामा रोज स्पॅम फोल्डर उघडून एकेक मेल वाचत होते. का, म्हणून विचारलं तर कळलं की मागे एकदा पेन्शनसंबंधीचा महत्त्वाचा मेल स्पॅममध्ये जाऊन पडला होता, आणि तीस दिवसांनी स्पॅममधलं आपोआप पुसलं जातं. तेव्हापासून त्यांनी धसका घेतला होता.

धसका रास्त होता, त्यावर "वाचू नका" हे उत्तर होऊ शकत नाही. आम्ही बसून पेन्शन, बँक, विमा, गॅस, वीज आणि सोसायटी यांचे जे पत्ते खरोखर लागतात ते काढले, त्यांच्यासाठी वेगळा फिल्टर केला आणि त्यात "नेव्हर सेंड इट टू स्पॅम" लावलं. त्या दिवसानंतर मामांचं रोज स्पॅम फोल्डर उघडणं आपोआप थांबलं. तुमच्या घरातलं वडीलधारं माणूस अशी पत्रं वाचत बसत असेल, तर ते लोभाने वाचतंय असं गृहीत धरू नका. आधी विचारा की तिथे ते काय शोधतंय.

पत्ता बाहेर गेला कुठून

याला नक्की एक उत्तर मिळत नाही, पण काही जागा तपासता येतात. स्वतःचा ईमेल पत्ता अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. मामांचा पत्ता एका जुन्या स्नेहमेळाव्याच्या पीडीएफ यादीत सापडला, दीडशे माणसांचे पत्ते आणि फोन नंबर उघड्यावर. संयोजकांना फोन केला, त्यांनी यादी काढली. विवाह मंडळाचे बायोडेटा आणि घर विकण्या-भाड्याच्या जाहिराती हीसुद्धा नेहमीची ठिकाणं.

एखाद्या ऑनलाइन सेवेकडून आपला डेटा फुटला असेल तर "हॅव आय बीन पॉन्ड" या संकेतस्थळावर पत्ता घालून पाहता येतं. ऑस्ट्रेलियाचे ट्रॉय हंट यांनी ते 2013 साली सुरू केलं. पत्ता तिथे दिसला तर त्या सेवेचा पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही.

पुढच्यासाठी एक सोपी युक्ती आहे. जीमेलमध्ये आपल्या नावानंतर, ॲट चिन्हाच्या आधी, अधिकचं चिन्ह टाकून काहीही जोडलं तरी मेल आपल्यालाच येतो. कपड्यांच्या दुकानात नाव देताना पुढे अधिक-कपडे, प्रदर्शनात देताना अधिक-प्रदर्शन, असं इंग्रजी अक्षरांत लिहून द्या. उद्या त्याच पत्त्यावर लॉटरी लागली, तर पत्ता कुठून फुटला ते कळेल आणि तेवढाच बंद करता येईल.

रिझर्व्ह बँकेच्या नावाने आलेली पत्रं

आपल्याकडे ही पत्रं सर्वांत जास्त घात करतात, कारण त्यावर गव्हर्नरांचं नाव आणि बँकेचं बोधचिन्ह असतं. मामांना एवढ्याचसाठी शंका होती: "बाकीचं खोटं, पण हे?" रिझर्व्ह बँक सामान्य माणसांची खाती ठेवत नाही. तुमच्या-माझ्या नावावर तिच्याकडे रक्कम जमा असण्याचा प्रश्नच येत नाही, आणि लॉटरीचे किंवा परदेशातून आलेले पैसे वाटायला ती कुणालाही मेल पाठवत नाही. हे बँकेने स्वतः अनेकदा जाहीर केलंय. परदेशी लॉटरीबद्दल तर कायदाच स्पष्ट आहे. परकीय चलनाच्या 2000 सालच्या नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून बाहेर पैसे पाठवायला मनाई आहे, आणि लॉटरीत भाग घेण्यासाठी कोणत्याही रूपात पैसे पाठवणं त्यात येतं हे रिझर्व्ह बँकेने 2010 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

पैसे भरायला सांगतात ते मात्र बहुतेक वेळा इथल्याच कुणाच्या तरी साध्या बचत खात्यात. कमिशनच्या बोलीवर वापरायला दिलेली ती खाती असतात. "घरबसल्या कमवा, फक्त तुमचं खातं वापरू द्या" असा मेल आला तर तो याच साखळीचा दुसरा भाग समजा. खातं दिलेला माणूस पोलिसांच्या चौकशीत अडकतो. घरातल्या कॉलेजच्या मुलांना हे आवर्जून सांगा.

मेल कोणत्याही देशातून येऊ शकतात, पण या प्रकाराला जगभर "फोर वन नाइन" म्हणतात ते नायजेरियाच्या फौजदारी संहितेतल्या कलम 419 मुळे. खोटी बतावणी करून दुसऱ्याची मालमत्ता मिळवण्याबद्दलचं ते कलम. आपल्याकडे चारसोबीस म्हटलं की लहान मुलालाही कळतं. भारतीय दंड विधानातलं फसवणुकीचं ते 420 कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 318 मध्ये गेलंय, पण शब्द काही तोंडातून जायचा नाही.

आणि पैसे गेले असतील तर

फिल्टर लावून झाले, चहा झाला, आणि मग मामा हळूच म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय." चार महिन्यांपूर्वी त्यांनी कस्टमचा खर्च म्हणून साडेअठरा हजार रुपये भरले होते. मामींनाही माहीत नव्हतं. का सांगितलं नाही, हे मला विचारावं लागलं नाही. गेल्या वर्षी याच घरात जेवताना शेजारच्या एका गृहस्थांची अशीच फसवणूक झाल्याचा विषय निघाला होता आणि आम्ही सगळे हसलो होतो. मीही हसले होते. त्या हसण्यामुळे मामा चार महिने गप्प राहिले, आणि पैसे परत मिळायची जी काही शक्यता होती ती त्या चार महिन्यांत गेली.

त्यांना मी ब्राझीलच्या बांको नोरोएस्ते बँकेची हकिकत सांगितली. 1995 ते 1998 या काळात तिच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, नायजेरियाच्या राजधानीत, अबुजात, नवा विमानतळ होणार आहे आणि त्याचं भरघोस कमिशन मिळणार आहे या थापेवर, बँकेचे 24 कोटी 20 लाख डॉलर टप्प्याटप्प्याने भामट्यांना पाठवले. विमानतळ नव्हताच. जन्मभर बँकिंग केलेला माणूस फसतो, तिथे आपण साडेअठरा हजारांसाठी तोंड लपवायचं कारण नाही.

पैसे नुकतेच गेले असतील तर तासाचा उशीरही महाग पडतो. ताबडतोब 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचं खातं हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तर ते तिथेच गोठवता येतात, पण एकदा काढून घेतले की हाताशी काही उरत नाही. मग आपल्या बँकेला लेखी कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर, तक्रार नोंदवा. एक गैरसमज इथे दूर करते. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की ग्राहकावर बोजा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. फसून का होईना, पैसे आपण आपल्या हाताने पाठवले असतील तर त्याच्या भरवशावर राहू नका.

फिल्टरला पुढे डिलीट करायला सांगा असं वर म्हटलं, पण ज्या मेलमुळे पैसे गेले तो मेल डिलीट करू नका. "शो ओरिजिनल" मधून तो उतरवून ठेवा, तोच पुरावा.

आधार, पॅनच्या प्रती पाठवल्या असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, आणि आपल्या नावावर भलतंच कर्ज उभं राहिलंय का ते क्रेडिट रिपोर्टमध्ये पाहा. असा रिपोर्ट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मेलमधल्या लिंकवर लॉगिन केलं असेल तर पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी लावा, आणि जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग व फिल्टर या दोन्ही जागी आपण न लावलेलं काही आहे का ते बघा. पासवर्ड बदलला तरी तिथे लावून ठेवलेलं फॉरवर्डिंग चालूच राहतं.

आणि एक मेल हमखास येणार आहे, त्याची तयारी ठेवा. "फसवणूक झालेल्यांना नुकसानभरपाई", कधी संयुक्त राष्ट्रांच्या नावाने, कधी पोलिसांच्या, कधी वकिलाच्या. गेलेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा. एकदा पैसे दिलेल्या माणसाची यादी वेगळी आणि जास्त किमतीची असते. मामांना हा मेल आठवड्याभरातच आला.

खरंच कुठे पैसे असतील तर

मामांच्या मनात शेवटपर्यंत एक प्रश्न होता, आणि तो रास्त होता. त्यांच्या वडिलांची एक जुनी ठेव कुठल्याशा बँकेत होती असं घरात नेहमी बोललं जायचं. ती वारशाची पत्रं त्यांना थोडीतरी खरी वाटायची ती त्यामुळे. अशा पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचं उद्गम हे पोर्टल आहे, ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झालेलं. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी 2014 पासून एका स्वतंत्र निधीकडे वर्ग होतात, त्या नावाने आणि बँकेच्या नावाने तिथे शोधता येतात. शोधायला काही शुल्क नाही. ठेव सापडली तरी पुढचा अर्ज आपल्याच बँकेच्या शाखेत जाऊन, वारसाची कागदपत्रं देऊन करायचा.

आम्ही शोधलं. आजोबांच्या नावावर काही निघालं नाही. मामा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरं झालं, एकदाचं कळलं."

तीन महिने झाले. रोजचे पंधरा-वीस आता आठवड्याला दोन-तीनवर आलेत, तेही स्पॅममध्ये. मामांशी ठरलंय की शंका आली की मेलला काही न करता त्याचा फोटो मला पाठवायचा, रात्री कितीही वाजले असले तरी. काल एक आला. वीजबिलाचा होता, ग्राहक क्रमांक ताडून पाहिला, खरा होता. मी लिहिलं, "हे भरा मामा."